विश्लेषण : पोलीस अधिकाऱ्यांच्या छातीवरचा तिरका पट्टा आला कुठून? एक हात गमावलेल्या सॅम ब्राऊन यांची कहाणी

पोलीस परेडच्या दिवशी अधिकाऱ्यांच्या गणवेशात एक गोष्ट हमखास लक्ष वेधून घेते. कमरेला रुंद चामडी पट्टा आणि त्यातून निघून छातीवरून तिरका खांद्यावर जाणारा दुसरा पट्टा. मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय १ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झाले, म्हणजे ते अगदी अलीकडचे. हा पट्टा मात्र दीडशे वर्षांहून जुन्या घटनेतून आला आहे. पोलीस त्याला क्रॉस बेल्ट म्हणतात, तर गणवेशाच्या नियमांत त्याचे नाव सॅम ब्राऊन बेल्ट असे आहे. हे सॅम ब्राऊन कोण होते, त्यांना असा पट्टा का लागला आणि जड रिव्हॉल्व्हर अंगावर कसे बाळगावे याचे कोणते उत्तर त्यांनी शोधले, याविषयी…

हा पट्टा नेमका काय आहे?

या पट्ट्याचे मुख्य भाग दोन. पहिला कमरेचा जाड, रुंद चामडी पट्टा. त्यावर पितळी बक्कल आणि इंग्रजी डी अक्षराच्या आकाराच्या कड्या असतात. दुसरा भाग म्हणजे खांद्यावरून जाणारा अरुंद पट्टा. तो उजव्या खांद्यावरून छातीवर तिरका उतरतो आणि डाव्या कमरेजवळ मुख्य पट्ट्याला अडकतो.

आज तो बहुतेक वेळा शोभेचा वाटतो. मूळ रचनेत मात्र एकही कडी शोभेसाठी नव्हती. डाव्या कमरेला तलवार, उजव्या कमरेला झाकणाचे रिव्हॉल्व्हरचे होल्स्टर आणि जोडीला दुर्बिणीची पिशवी, असे सगळे ओझे या पट्ट्यावर होते. खांद्यावरचा पट्टा हे ओझे कमरेवरून खांद्याकडे नेत असे. ज्या माणसाने ही रचना केली, त्याला डावा हात नव्हता.

सॅम ब्राऊन कोण होते?

सॅम्युअल जेम्स ब्राऊन यांचा जन्म ३ ऑक्टोबर १८२४ रोजी कोलकात्याजवळच्या बराकपूर छावणीत झाला. वडील जॉन ब्राऊन ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल वैद्यकीय सेवेत डॉक्टर होते. वयाच्या सोळाव्या वर्षी, १८४० मध्ये, सॅम ब्राऊन कंपनीच्या ४६ व्या बंगाल नेटिव्ह इन्फंट्रीत दाखल झाले. सुरुवात पायदळातून झाली, पण पुढे त्यांची ओळख घोडदळाचे अधिकारी म्हणून झाली.

१८४८-४९ च्या दुसऱ्या इंग्रज-शीख युद्धात ते रामनगर, सादुल्लापूर, चिलियनवाला आणि गुजरात (हे आजच्या पाकिस्तानातील पंजाबमधले शहर) येथील लढायांत होते. युद्धानंतर कंपनीने पंजाब खालसा केला. डोंगराळ सरहद्दीवर लक्ष ठेवण्यासाठी नव्या घोडदळ पलटणी उभारायला सुरुवात झाली. त्यांपैकी दुसरी पंजाब घोडदळ पलटण उभी करण्याचे काम ब्राऊन यांच्याकडे आले. पंचविशी गाठण्याच्या आतच त्यांना ही जबाबदारी मिळाली होती.

पुढची काही वर्षे सरहद्दीवरच्या चकमकींत गेली. तिथली लढाई अंगावर येणारी असे. समोरचा माणूस काही पावलांवर येईपर्यंत दिसत नसे आणि बंदूक पुन्हा भरायला सवड मिळत नसे. घोडदळाच्या अधिकाऱ्याची भिस्त तलवारीवर आणि कमरेच्या किंवा खोगिराच्या पिस्तुलावर असे.

३१ ऑगस्ट १८५८ रोजी काय घडले?

१८५७ च्या उठावात ब्राऊन यांची पलटण पंजाबातून उत्तर हिंदुस्थानात आणली गेली. मार्च १८५८ मध्ये इंग्रजांनी लखनऊ पुन्हा घेतले, त्या मोहिमेत ती होती. तिथून ती रोहिलखंडात गेली. मराठी वाचकाला हा काळ चांगला परिचयाचा आहे. झाशीच्या राणी लक्ष्मीबाई जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ धारातीर्थी पडल्या होत्या आणि तात्या टोपे राजपुतान्यात इंग्रजी फौजांना हुलकावण्या देत होते. मोठी शहरे इंग्रजांच्या हाती गेली होती, तरी उठाव संपला नव्हता.

पिलीभीतजवळच्या सीरपुरा येथे उठाववाल्यांची एक फौज मोर्चा धरून होती. विजयपत्रात तिच्या नेत्याचे नाव खान अली खान असे नोंदलेले आहे. ३१ ऑगस्टला पहाटे इंग्रजांचे पायदळ या मोर्चावर चालून गेले. वाटेवर नऊ पौंडी गोळ्याची तोफ रोखलेली होती. ती पुन्हा भरली गेली असती, तर पुढे सरकणाऱ्या पायदळाची दाणादाण उडाली असती.

ब्राऊन एका सोबतच्या स्वारासह घोड्यावरून थेट त्या तोफेवर गेले आणि गोलंदाजांवर तुटून पडले. हातघाईच्या लढाईत तलवारीचा पहिला वार त्यांच्या डाव्या गुडघ्यावर बसला. पाठोपाठ दुसऱ्या वाराने डावा हात खांद्यापासून तुटला. त्याआधी त्यांनी एका हल्लेखोराला कापून काढले होते. तोफ पुन्हा भरता आली नाही आणि पायदळाने ती ताब्यात घेतली.

या कामगिरीसाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याची घोषणा १ मार्च १८६१ रोजी झाली. सोबतच्या स्वाराचे नाव मात्र त्या घोषणेत नाही. हिंदी सैनिकांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळण्याची सोयच तेव्हा नव्हती. ती १९११ मध्ये झाली. मराठा लाइट इन्फंट्रीच्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना हे पदक मिळाले, ते दुसऱ्या महायुद्धात, इटलीच्या आघाडीवर.

एका हाताने तलवार का निघत नव्हती?

जखमेतून वाचणे हीच पहिली मोठी गोष्ट होती. जोसेफ लिस्टर यांचे जंतुनाशक शस्त्रक्रियेवरील काम १८६७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या नऊ वर्षे आधी, ऑगस्टच्या दमट हवेत, खांद्यापासून हात तुटलेला माणूस अनेकदा रक्तस्रावाने किंवा जखम चिघळून मरत असे. ब्राऊन वाचले. पुढचा प्रश्न नोकरीचा होता. घोडदळाचा अधिकारी एका हाताने काम करू शकेल का?

घोडदळाची रीत अशी, की लगाम डाव्या हातात आणि शस्त्र उजव्या हातात. ब्राऊन यांच्याकडे दोन्हींसाठी एकच हात उरला होता. त्यातून तलवारीची अडचण वेगळी होती. त्या काळी अधिकाऱ्याची तलवार कमरपट्ट्यापासून दोन लांब वाद्यांवर लोंबकळत असे. चालताना ती पायावर आपटे, घोड्यावर असताना हिंदकळे. ती उपसायची तर डाव्या हाताने म्यान धरून स्थिर करावे लागे आणि मग उजव्या हाताने पाते बाहेर काढावे लागे. म्यान कोणी धरले नाही, तर पात्याबरोबर तेही वर येते. म्यानाचे तोंड हवे तिथे मिळत नाही, त्यामुळे तलवार परत घालणे आणखी कठीण होते.

दोन हात असलेल्या माणसाला यातले काहीच जाणवत नव्हते. डावा हात हे काम नकळत करून टाकत असे. ब्राऊन यांना तो हात करत असलेले काम आधी ओळखावे लागले आणि मग ते एखाद्या वस्तूकडून करून घ्यावे लागले.

मोठ्या रिव्हॉल्व्हरचे काय करायचे?

तलवारीइतकाच प्रश्न रिव्हॉल्व्हरचा होता. १८५० च्या दशकात कोल्ट आणि ॲडम्स या दोन बनावटींची चढाओढ सुरू होती. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनात दोन्ही मांडल्या गेल्या होत्या. कोल्टच्या १८५१ च्या नेव्ही नमुन्याचे वजन सुमारे १.२ किलो आणि नळीची लांबी सुमारे १९ सेंटीमीटर होती. त्याचा घोडा प्रत्येक वेळी अंगठ्याने ओढावा लागे. ॲडम्सच्या बनावटीत चाप ओढला की घोडा आपोआप मागे जाऊन पडत असे.

गोळी झाडणे एका हाताने जमण्यासारखे होते. भरणे मात्र जवळपास अशक्य. ही शस्त्रे आजच्यासारखी काडतुसांची नव्हती. चक्रीच्या प्रत्येक घरात दारू, वर शिशाची गोळी आणि मागे तांब्याची छोटी टोपी बसवावी लागे. त्यामुळे एक हात असलेल्या माणसासाठी चक्रीत असलेल्या पाच किंवा सहा गोळ्या हाच त्या लढाईपुरता साठा. त्यामुळे शस्त्र चटकन हाती येणे आणि वाटेत हरवू न देणे, या दोन गोष्टींना जास्त महत्त्व आले.

तोवर अनेक स्वार आपली पिस्तुले खोगिराच्या पुढच्या बाजूला अडकवलेल्या चामडी खोळींत ठेवत. वजन घोड्यावर जात असे, ही सोय. पण घोडा पडला किंवा उधळला, की शस्त्रही त्याच्याबरोबर जात असे. कमरेला बांधावे, तर एक किलोहून जड वस्तू पट्टा एका बाजूला खाली ओढते. घोड्याच्या चालीबरोबर ती वरखाली आपटते. पट्टा आवळून बांधला तर पोटाला काचतो, सैल ठेवला तर शस्त्र मांडीवर उतरते आणि हात नेहमीच्या जागी गेला तरी मूठ सापडत नाही.

ब्राऊन यांनी कोणता तोडगा काढला?

ब्राऊन यांच्या रचनेकडे अभियांत्रिकीच्या नजरेने पाहिले, तर त्यात चार निर्णय दिसतात.

पहिला निर्णय वजनाचा. त्यांनी कमरेच्या जाड पट्ट्याला खांद्यावरचा पट्टा जोडला. त्यामुळे ओझे कमरेच्या एका बिंदूवर न राहता खांद्यावर वाटले गेले. पट्टा आवळायची गरज उरली नाही आणि तो खाली घसरतही नव्हता. शाळेचे दप्तर एका हातात धरण्यापेक्षा खांद्यावर हलके वाटते, त्यामागचे तत्त्व हेच.

दुसरा निर्णय जागेचा. उजव्या खांद्यावरून आलेला पट्टा तलवारीचे म्यान डाव्या कमरेला एकाच जागी, एकाच कोनात धरून ठेवत असे. डावा हात जे काम करत होता, ते आता चामड्याने करायला सुरुवात केली. उजवा हात अंगावरून आडवा नेला, की मूठ नेमकी तिथेच असे.

तिसरा निर्णय बाजूचा. तलवार डावीकडे, रिव्हॉल्व्हर उजवीकडे. एकाच हाताने दोन्ही शस्त्रे काढायची असल्यामुळे ती एकमेकांच्या आड येणार नाहीत, अशी मांडणी गरजेची होती. दोन्ही बाजूंना वजन असल्याने पट्ट्याचा तोलही राखला जात असे.

चौथा निर्णय झाकणाचा. रिव्हॉल्व्हरच्या होल्स्टरला वरून चामडी झाकण होते. झाकणामुळे शस्त्र काढायला थोडा वेळ जास्त लागतो. पण घोडा दौडत असताना शस्त्र उसळून बाहेर पडत नाही, पाऊस आणि धूळ आत जात नाही. टोप्यांवर चालणाऱ्या रिव्हॉल्व्हरसाठी दारू कोरडी राहणे महत्त्वाचे होते. जमिनीवर पडलेले शस्त्र एका हाताने उचलण्यासाठी घोड्यावरून उतरावे लागले असते. क्षणभराचा उशीर परवडेल, शस्त्र हरवणे परवडणार नाही, असा तो हिशेब होता.

या रचनेत नवा शोध म्हणावा असा भाग फारसा नाही. पट्टा, कडी, बक्कल, खोळ हे सगळे प्रत्येक छावणीतल्या मोच्याकडे आणि जिनगराकडे होतेच. त्यांची एकत्र मांडणी मात्र नवी होती.

पुढची कारकीर्द कशी होती?

हात गेल्यानंतर ब्राऊन यांची लष्करी कारकीर्द चाळीस वर्षांच्या पल्ल्यात विस्तारत गेली. १८६० मध्ये त्यांचा विवाह ल्यूसी शेरवूड यांच्याशी झाला. सरहद्दीवरच्या प्रसिद्ध गाइड्स पलटणीचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. १८७० मध्ये ते मेजर जनरल झाले. १८७५-७६ मध्ये ब्रिटनच्या युवराजांनी हिंदुस्थानचा दौरा केला, त्या वेळी लष्कराच्या वतीने ते सोबत होते. १८७८ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या कौन्सिलात लष्करी सदस्य म्हणून त्यांची नेमणूक झाली.

त्याच वर्षी दुसरे इंग्रज-अफगाण युद्ध सुरू झाले. खैबर खिंडीतून जाणाऱ्या पेशावर व्हॅली फील्ड फोर्सचे नेतृत्व ब्राऊन यांना मिळाले. २१ नोव्हेंबर १८७८ रोजी त्यांच्या फौजेने अली मशीद किल्ल्यावर हल्ला चढवला. पहिला हल्ला अर्ध्यावर थांबला, पण अफगाण फौज रात्रीतून किल्ला सोडून गेली आणि खिंड मोकळी झाली. पुढे ब्राऊन जलालाबादला पोहोचले. २६ मे १८७९ रोजी गंडमक येथे तह झाला.

या मोहिमेने त्यांचे नाव मोठे केले नाही. फौजेच्या वाहतुकीच्या आणि रसदीच्या व्यवस्थेवर टीका झाली. तहानंतर जून महिन्याच्या उन्हात परतताना फौजेत कॉलरा पसरला आणि अनेक सैनिक वाटेत दगावले. तहही टिकला नाही. सप्टेंबरमध्ये काबूलमधील इंग्रज वकील कॅव्हान्यारी मारले गेले आणि युद्ध पुन्हा पेटले. त्या दुसऱ्या टप्प्यातील प्रसिद्धी जनरल रॉबर्ट्स यांच्या वाट्याला आली. ब्राऊन यांना १८८८ मध्ये जनरलपद मिळाले. इंग्लंडच्या दक्षिणेकडील आइल ऑफ वाइट या बेटावर, राइड या गावी ते स्थायिक झाले. तिथेच १४ मार्च १९०१ रोजी, वयाच्या ७६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

एका माणसाची सोय गणवेश कशी बनली?

ब्राऊन यांचा पट्टा पाहून सरहद्दीवरच्या इतर घोडदळ अधिकाऱ्यांनी तसेच पट्टे शिवून घेतले. त्यांना दोन्ही हात होते, तरी लोंबकळणारी तलवार आणि खाली ओढणारे रिव्हॉल्व्हर यांचा त्रास त्यांनाही होताच. १८८७ मध्ये ब्रिटिश लष्कराने वेब्ली रिव्हॉल्व्हर स्वीकारले. ते काडतुसांचे होते, पण वजन पुन्हा एक किलोच्या आसपासच होते. त्यामुळे पट्ट्याची गरज कायम राहिली.

१८९९ ते १९०२ या बोअर युद्धात दक्षिण आफ्रिकेत हिंदुस्थानातून गेलेल्या आणि इतर अधिकाऱ्यांनी तो वापरला. १९०० च्या सुमारास ब्रिटिश लष्कराच्या नियमांतही त्याला जागा मिळाली. ब्राऊन यांच्या हयातीतच त्यांचे नाव त्या वस्तूला चिकटले होते. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये गेलेल्या अमेरिकी अधिकाऱ्यांनी तो उचलला आणि १९२१ मध्ये अमेरिकी लष्करानेही तो स्वीकारला. कॅनडाच्या रॉयल माउंटेड पोलिसांच्या लाल गणवेशावर तो आजही दिसतो. ब्राऊन यांचा स्वतःचा पट्टा सँडहर्स्टच्या रॉयल मिलिटरी अकादमीत जपून ठेवलेला आहे.

रणांगणावरून हा पट्टा मागे पडला, त्याचीही कारणे आहेत. तलवार गेली, खंदकांच्या लढाईत चकाकणारा तिरका पट्टा अधिकाऱ्याची ओळख लांबून पटवून देऊ लागला आणि दुसऱ्या महायुद्धात कापडी जाड पट्टे आले. पोलीस कामातही एक अडचण होती. झटापटीत समोरच्याला छातीवरचा पट्टा सहज पकडता येतो. त्यामुळे रोजच्या कामासाठी साधा कमरपट्टा आणि परेडसाठी क्रॉस बेल्ट, अशी विभागणी होत गेली.

पोलिसांच्या अंगावर हा पट्टा राहण्याबद्दल आक्षेप काय?

ब्राऊन यांना व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला, त्याच मार्च १८६१ मध्ये हिंदुस्थानचा पोलीस कायदा मंजूर झाला. उठावानंतर देश ताब्यात ठेवण्यासाठी इंग्रजांनी उभी केलेली ही व्यवस्था होती. महाराष्ट्र पोलीस आज १९५१ च्या राज्याच्या कायद्यानुसार काम करतात. पण गणवेश, हुद्दे आणि परेडच्या अनेक पद्धती त्या काळातून आल्या आहेत.

वसाहतकालीन खुणा बदलण्याची चर्चा गेली काही वर्षे सुरू आहे. २ सप्टेंबर २०२२ रोजी भारतीय नौदलाच्या ध्वजावरील सेंट जॉर्ज क्रॉस काढण्यात आला. त्याच न्यायाने पाहिले, तर सॅम ब्राऊन बेल्ट अडचणीचा ठरतो. ज्या लढाईतून तो जन्मला, त्या लढाईत समोर स्वातंत्र्यासाठी उठलेली आपलीच माणसे होती. ब्राऊन यांचा हात तोडणाऱ्या गोलंदाजाचे नाव कोणत्याही पट्ट्याला मिळालेले नाही.

दुसरी बाजू उपयोगाची आहे. हा पट्टा राज्यकर्त्यांचा रुबाब दाखवण्यासाठी बनला नव्हता. एका अपंग माणसाला काम करत राहता यावे, म्हणून तो बनला. तो हिंदुस्थानातच, इथल्याच गरजेतून घडला आणि इथून इंग्लंडला गेला. नाव बदलायचे की पट्टाच काढायचा, हा निर्णय प्रशासनाचा आहे. तो घेताना या दोन्ही बाजू लक्षात घ्याव्या लागतील.

आज होल्स्टर निवडताना ब्राऊन यांचा अनुभव कितपत उपयोगी?

मीरा-भाईंदरमध्ये आयुक्तालय आल्यापासून शस्त्र परवान्याचे अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहेत. परवानाधारकासाठी होल्स्टर ही केवळ सोयीची गोष्ट नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर अंगावरच्या होल्स्टरमध्ये किंवा त्यासाठीच्या पिशवीत, पूर्ण झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असावे लागते. कमरेला उघडे शस्त्र लावून लग्नाच्या वरातीत मिरवणे या नियमात बसत नाही.

शस्त्राचा आकार हा निवडीतला मुख्य मुद्दा. कानपूरच्या आयुध निर्माणीने २०१४ मध्ये आणलेल्या निर्भीक रिव्हॉल्व्हरचे वजन सुमारे ५०० ग्रॅम आहे. जुन्या धाटणीचे मोठे रिव्हॉल्व्हर त्याच्या दुप्पट भरते. चक्रीमुळे रिव्हॉल्व्हर मध्यभागी फुगीर असते, त्यामुळे पिस्तुलाचे होल्स्टर त्याला चालत नाही. होल्स्टर त्याच नमुन्यासाठी आणि नळीच्या त्याच लांबीसाठी बनलेले हवे.

होल्स्टरइतकाच पट्टाही महत्त्वाचा. पँटचा रोजचा पातळ पट्टा एक किलोचे वजन पेलत नाही, तो वळतो आणि शस्त्र बाहेरच्या बाजूला झुकते. होल्स्टरचे फासे पट्ट्याच्या रुंदीला घट्ट बसणारे असावेत. फासे सैल असले, तर शस्त्र पट्ट्यावर पुढेमागे सरकते आणि ब्राऊन यांना छळणारा जुना प्रश्न परत येतो. चाप पूर्ण झाकलेला असावा. वर झाकण किंवा बटणाची पट्टी हवी. रिव्हॉल्व्हरच्या मुठीला कडी असेल, तर पोलीस वापरतात तशी दोरीही लावता येते.

चामड्याचा प्रकारही पाहावा. कोल्हापुरी चपलेसाठी झाडाच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेले कातडे वापरतात. वनस्पतींच्या अर्कात कमावलेले असे जाड कातडे आकार धरून ठेवते. अशा होल्स्टरचे तोंड शस्त्र काढल्यावर मिटत नाही, त्यामुळे दुसऱ्या हाताचा आधार न घेता शस्त्र परत ठेवता येते. मऊ कातड्याचे तोंड मिटते. मग ते उघडायला दुसरा हात पुढे येतो आणि तो नळीसमोर येण्याचा धोका असतो.

खाडी आणि समुद्र यांच्यामध्ये वसलेल्या मीरा-भाईंदरसारख्या शहरात दमट हवेचाही विचार करावा लागतो. चामडे ओल धरते आणि कातडे कमावताना वापरलेले क्षार पोलादाला गंज आणतात. त्यामुळे होल्स्टर हे बाळगण्यासाठी असते, साठवण्यासाठी नाही. घरी आल्यावर शस्त्र रिकामे करून, पुसून, कुलूपबंद ठेवावे आणि होल्स्टर वेगळे, हवेशीर जागी ठेवावे.

खरेदी करताना एक साधी चाचणी मात्र ब्राऊन यांच्याच अनुभवातून घेता येईल. परवानाधारक दुकानात, रिकाम्या शस्त्रानिशी आणि दुकानदाराच्या देखरेखीखाली, एक हात पाठीमागे ठेवावा. उरलेल्या हाताने झाकण उघडता येते का, मूठ पहिल्याच प्रयत्नात सापडते का, शस्त्र खाली न पाहता परत ठेवता येते का आणि या सगळ्यात पट्टा जागेवर राहतो का, हे पाहावे. पडल्यामुळे, अपघातामुळे किंवा झटापटीत एक हात निकामी होण्याची वेळ कोणावरही येऊ शकते. या चारही प्रश्नांचे उत्तर होय असेल, तरच ते होल्स्टर कामाचे.